कोपराला सोसेल इतकं पाणी

आंब्याच्या पाटीत तळाशी चार-सहा आंबे उरले, त्यांच्या सालीवर काळे ठिपके पडले, की कुठूनशी चिलटं येतात. काल संध्याकाळी ती माझ्या पुण्याच्या स्वयंपाकघरात आली. आधी एक, मग दोन-तीन, आणि आज सकाळी पाटीवरचं फडकं उचललं तर चांगला थवाच वर आला. नवऱ्यानं सवयीनं वर्तमानपत्राची घडी हातात घेतली, माझ्याकडे पाहिलं आणि गुपचूप खाली ठेवली. एवढ्या वर्षांच्या संसारानंतर त्याला कळून चुकलंय, की या घरात चिलटं मारायची तर आधी विचारावं लागतं.

मी चिलटांवरच जगते. एका संशोधन संस्थेत माझी एक खोली आहे. तिथे भिंतभर फळ्या, फळ्यांवर काचेच्या नळ्या, प्रत्येक नळीच्या तळाशी बोटभर खाणं, तोंडाला कापसाचा बोळा आणि मधल्या जागेत चिलटांचा संसार. खाणं म्हणजे मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि घट्ट व्हायला अगर. ते मोठ्या पातेल्यात शिजतं तेव्हा जिन्यापर्यंत वास सुटतो आणि नव्या माणसाला वाटतं, आज इथे शिरा आहे. आईला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तिनं विळीवरचा हात थांबवला आणि म्हणाली, "म्हणजे एवढं शिकून तू चिलटांना जेवायला घालतेस." आईनं पेणच्या शाळेत सगळी हयात शिकवण्यात घालवली आहे. तिच्या वाक्यांना उत्तर द्यायची सोय नसते.

पेणला आमच्या शेजारी एक काका आहेत, त्यांची आंब्याची कलमं आहेत. मी फळमाशीवर काम करते म्हटल्यावर त्यांना फार आनंद झाला. आंब्याला डंख मारून आत अंडी घालणाऱ्या माशीवर मी औषध शोधतेय असं त्यांनी धरलं. ती माशी वेगळी, माझी ही एवढीशी, फळ पिकून उतरलं की त्यावर येणारी, असं सांगितल्यावर त्यांचा चेहराच पडला. नासक्या फळावरच्या चिलटाकडून माणसानं काय शिकायचं, असं त्यांनी विचारलं. प्रश्न चांगला होता. मी अजून त्याच प्रश्नावर पगार घेते आहे.

चिलट भिंगाखाली धरून बघितलं नसेल तर एकदा बघावं. डोळे विटेसारखे लाल. पाठीवर केस, तेही ओळीनं. पुढचे दोन पाय माशी एकमेकांवर चोळते, मग डोक्यावरून फिरवते, मग पंख साफ करते. नर मादीला पंख थरथरवून गाणं ऐकवतो, ते आपल्याला ऐकू येत नाही, पण यंत्रानं मोठं करून ऐकलं की भुंग्यासारखं ऐकू येतं. ती झोपते. तिला झोपू दिलं नाही तर दुसऱ्या दिवशी जास्त झोपते. मोहरीएवढ्या देहात डोकं केवढं, त्या डोक्यात मेंदू केवढा, आणि तरी त्यात आपल्यासारखीच शिकण्याची, विसरण्याची, भिण्याची सोय. मला अजूनही भिंगावरून डोळा काढताना थोडं आश्चर्य वाटतं, आणि ते वाटायचं बंद झालं तर मी दुसरं काहीतरी काम बघेन.

माझ्याकडच्या काही माश्यांना फिट येते. एरवी त्या अगदी नेहमीच्या, चढतात, खातात, भांडतात. पण नळी कोमट पाण्यात धरली आणि पाणी चाळीस अंशांच्या आसपास गेलं, की त्या कोसळतात. पाठीवर पडतात, पाय आखडतात, पंख फडफडतात. नळी बाहेर काढली की काही वेळ निपचित. मग एक पाय हलतो, दुसरा हलतो, कूस बदलावी तशी माशी उलटी होते आणि काहीच न घडल्यासारखी काचेवर चढू लागते. शेजारच्या नळीतल्या साध्या माश्या त्याच पाण्यात निवांत फिरत असतात. फरक असतो तो एका जनुकाचा, आणि त्या जनुकातही एखाद्याच अक्षराचा.

आमची थोडी जमीन धरमतरच्या खाडीकडे, खारात होती. तिथे बांधाला लाकडी उघाडी असते. ओहोटीला ती उघडते आणि शेतातलं पाणी बाहेर जातं, भरती आली की मिटते आणि खारं पाणी बाहेर राहतं. उघाडी बिघडली तर पीक गेलं. आपल्या मज्जापेशींना अशाच बारीक उघाड्या असतात आणि त्यांतून मिठाचे कण आतबाहेर करतात, म्हणून तर आपण हात उचलतो आणि नाव आठवतो. मेंदूत काही पेशी ओरडणाऱ्या असतात, काही त्यांना गप्प करणाऱ्या. गप्प करणाऱ्यांच्या उघाड्या नीट चालल्या नाहीत तर ओरडणाऱ्यांना आवरायला कोणी राहत नाही. फिट म्हणजे, ढोबळ मानानं, ते. चिलटाच्या मेंदूतही उघाड्या त्याच घडणीच्या, म्हणून माणसाच्या पोराच्या जनुकात सापडलेली चूक चिलटात घालून बघता येते, की बिघडतं ते नेमकं कुठे, आणि कोणतं औषध त्याला आवरतं. दहा-बारा दिवसांत नवी पिढी येते. माणसाच्या बाबतीत एवढी वाट कोण बघणार?

हे सगळं मी शिकले ती नोकरी म्हणून. मग ते घरात आलं.

माझा दादा रोह्याला असतो, तिथल्या एका केमिकल कंपनीत शिफ्टची नोकरी. त्याची मुलगी तन्वी. ती पाच महिन्यांची असताना तिला पहिली फिट आली, आणि ती आली अंघोळीत. आई तेव्हा नातीसाठी पेणहून रोह्याला येऊन राहिली होती. बाळाला न्हाऊ घालायला यशोदामावशी यायच्या. त्यांना सगळे यशीमावशी म्हणत. नदीकाठच्या वाडीवर त्यांचं घर, दिवसा शेतात मजुरी, पण सकाळच्या वेळी गावातल्या दोन-तीन घरी बाळ-बाळंतिणींना तेल लावायचं, न्हाऊ घालायचं, धुरी द्यायची. आईचं माहेर रोह्याचंच, तिच्या बाळंतपणांत दादाला आणि मलाही यशीमावशींच्याच आईनं न्हाऊ घातलं होतं म्हणे, म्हणजे हे नातं जुनं. न्हाणीत पाटावर बसून त्या पाय लांब करत, बाळाला पोटऱ्यांवर पालथं घेत, आणि पाणी घालण्याआधी बादलीत कोपर बुडवून बघत. हाताचा तळवा कामानं निबर झालेला, त्याला कढत काय ते कळत नाही, कोपराला कळतं, असं त्या सांगत.

त्या दिवशी अंगावर जेमतेम दुसरा तांब्या पडला होता. तन्वीचे डोळे वर गेले, एक हात आणि एक पाय उडायला लागला, आणि तोंडाभोवती निळं पडलं. वहिनी ओरडत आली. दादा शिफ्टला. शेजारच्या माणसानं रिक्षा आणली, आई आणि वहिनी ओलं बाळ टॉवेलात गुंडाळून निघाल्या. वाटेत कोणी कांदा फोडायला सांगत होतं, कोणी चप्पल हुंगवायला. दवाखान्यात इंजेक्शन दिल्यावर बऱ्याच वेळानं ते थांबलं आणि संध्याकाळी तन्वी दूध प्यायली. पण ते यशीमावशींनी बघितलं नाही. त्या न्हाणीत तशाच बसून होत्या, पाय लांब केलेले, मांडीवर काही नाही. आई परत आल्यावर त्यांना म्हणाली, "एवढं कढत पाणी घालतात का लेकराला? उद्यापासून येऊ नकोस." तेवढंच. पण रोहा केवढंसं, आणि वाडी त्याहून छोटी. बाकीच्या घरांनीही हळूहळू दुसऱ्या बायका बघितल्या, आणि बोलावलं त्या घरीही यशीमावशी गेल्या नाहीत.

पुढे तन्वीला तापात फिट आली, मे महिन्याच्या दुपारी आली, एकदा मांडवातल्या गर्दीत उकडून आली. ती चार वर्षांची झाल्यावर मुंबईच्या डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, की एका जनुकात चूक आहे. आईकडून नाही, वडिलांकडून नाही, तिच्यातच नव्यानं झालेली. ते नाव मला नवं नव्हतं. ते जनुक माझ्या खोलीतल्या फळीवर होतं. घरात सगळ्यांना कळलं, की पाण्यानं झालं नव्हतं, पाण्यानं फक्त ते बाहेर आलं. औषध बदललं, फिट कमी झाल्या. नदीकाठच्या वाडीवर मात्र हे सांगायला कोणी गेलं नाही. मुद्दाम नव्हे. फक्त ते कोणाच्या डोक्यात आलं नाही.

मला आठवतो तो त्यानंतरचा, तन्वी सात वर्षांची असतानाचा मे महिना. आंबे असेच संपत आले होते. रोह्याच्या एका शाळेत सुट्टीतलं विज्ञान शिबिर होतं आणि मुलांना दाखवायला मी माश्या घेऊन निघाले होते. माणसाची चूक ज्यांच्यात घातलेली असते त्या माश्या बाहेर नेता येत नाहीत, नेऊही नयेत. मी घेतल्या त्या जुन्या वाणाच्या, फार पूर्वी कुणाच्या तरी नळीत बिघाड होऊन सापडलेल्या, उष्म्यानं कोसळणाऱ्या. तन्वीचं जनुक वेगळं, यांचं वेगळं, पण एकाच बांधावरच्या दोन उघाड्या म्हणता येतील. त्यांची एक नळी, आणि साध्या माश्यांची एक. स्टीलच्या डब्यात ओला नॅपकिन गुंडाळून मी त्या मांडीवर घेतल्या आणि एसटीत बसले. उष्म्यानं फिट येणाऱ्या माश्या मे महिन्यात घाटाखाली न्यायच्या, यातला वेडेपणा मला खोपोलीच्या स्टँडवर कळला. डबा उघडून बघितला तर एका नळीत तीन-चार जणी आडव्या. मी पाण्याची बाटली नॅपकिनवर रिकामी केली. शेजारच्या बाई म्हणाल्या, "इन्सुलिन का हो?" मी हो म्हटलं. पुढे पेण जवळ आलं तसं गणपतीच्या कारखान्यांतल्या, अजून न रंगवलेल्या पांढऱ्या मूर्ती कडक उन्हात सुकत ओळीनं उभ्या होत्या आणि मी डब्यावर पदराची सावली धरून बसले होते.

पेणला घरी पोचले तेव्हा आई जिवावर उदार होऊन चिलटांशी लढत होती. फणस फोडलेला, रायवळ आंब्यांची पाटी, त्यात सासवडहून आलेली अंजिरं. तिनं वाटीत गूळपाणी ठेवलं होतं, त्यावर कागदाचं नरसाळं. मी डबा उघडून म्हटलं, यांना घरातली सर्वांत थंड जागा हवी. आईनं भिंगाच्या चष्म्यातून नळीत बघितलं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी शब्दांत मांडू शकत नाही. "घरात कमी होती म्हणून पुण्याहून आणलीस," एवढंच ती म्हणाली. मी अंघोळीला गेले.

बाहेर आले तर डबा जागेवर नाही. आईनं तो फ्रीजमध्ये ठेवला होता, लोणच्याच्या बरणीशेजारी. थंड जागा म्हणालीस ना, मग. मी नळ्या बाहेर काढल्या. दोन्हीतल्या सगळ्या माश्या तळाशी पडलेल्या, पाय वर, ढिम्म. आईनं पाहिलं आणि ती खरंच पांढरी पडली. चिलटांसाठी नव्हे, माझ्यासाठी. तिला वाटलं, पोरीचं वर्षानुवर्षांचं काम मी लोणच्याशेजारी ठेवून मारलं. मी म्हटलं, थांब, बस इथे. ओट्यावर दोन्ही नळ्या आडव्या ठेवल्या आणि आम्ही दोघी स्टुलांवर बसून बघत राहिलो. आधी काहीच नाही. मग एकीचा मागचा पाय. मग दुसऱ्या नळीत कोणाचा तरी पंख. मग इथे एक, तिथे एक, अडखळत, एकमेकींना धक्के देत, आणि चहा होईपर्यंत सगळ्या चालत होत्या.

"उठतात गो," आई म्हणाली. ती मला गो म्हणते ते फार क्वचित.

मग मी तिला फरक सांगितला. थंडीनं दोन्ही नळ्यांतल्या पडतात. उष्म्यानं मात्र एकाच नळीतल्या पडतात, त्यांच्यात उपजत काही वेगळं असतं म्हणून. पाणी तेच. आईनं दोन्ही नळ्या शेजारीशेजारी ओढून घेतल्या. तिचा चहा गार झाला. मग तिनं जी गोष्ट सांगितली ती तिला वहिनीकडून आठवड्यापूर्वीच कळली होती. यशीमावशींची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती, तिला मुलगी झाली होती, आणि यशीमावशी नातीला हात लावत नव्हत्या. शेजारीण न्हाऊ घालत होती. लेक रडत होती, की आईनं मलाच परकं केलं. पण मावशी म्हणत, माझ्या हाताखाली एक पोर निळं पडलं, आता पुरे. आईनं हे सांगितलं, कप विसळला आणि म्हणाली, "मी उद्या तुझ्याबरोबर रोह्याला येते."

शिबिर छान झालं. मुलांना माश्यांचं गाणं सगळ्यांत आवडलं. पण मला आठवतं ते दुसऱ्या दिवशी सकाळचं दादाचं स्वयंपाकघर. वहिनीनं यशीमावशींना निरोप धाडला होता आणि त्या येतील असं आम्हाला कोणालाच वाटत नव्हतं. त्या आल्या. दारातच उभ्या राहिल्या. केस पिकले होते, हात तसेच. तन्वी त्यांना ओळखत नव्हती, पण त्या तिला ओळखत होत्या. रस्त्यात लांबून बघत असणार. सात वर्षांत त्यांनी या घरात पाऊल टाकलं नव्हतं. आईनं त्यांना आत घेतलं, पाट दिला, पाणी दिलं. शाळा गाजवलेली बाई, ती पदराला हात पुसत उभी राहिली. मला म्हणाली, "तू दाखव."

मी गॅसवर पातेलं ठेवलं होतं. थर्मामीटर होता, पण मी तो बाजूला ठेवला आणि यशीमावशींना म्हटलं, बाळाला लागतं तेवढं गरम तुम्हीच करा. त्यांनी माझ्याकडे संशयानं पाहिलं. मग उठल्या, विसण घातलं, कोपर बुडवून बघितलं, आणखी थोडं घातलं, पुन्हा बघितलं. "एवढा," त्या म्हणाल्या. मी थर्मामीटर घातला. चाळीसच्या जरासा वर. दोन्ही नळ्या मी एकदम पाण्यात धरल्या. तन्वी ओट्याला हनुवटी टेकून उभी होती.

डावीकडच्या नळीतल्या माश्या आधी वेगानं चढल्या, मग गडबडल्या, मग एकेक करून खाली. पाठीवर, पाय आखडलेले, पंख थरथरणारे. यशीमावशींनी तोंडावर पदर घेतला. उजवीकडच्या नळीतल्या माश्या बोळ्यापाशी फिरत होत्या, एक पुढचे पाय चोळत होती. मी नळ्या बाहेर काढल्या आणि ओट्यावर ठेवल्या.

"ह्या पडल्या नाय त्या कंच्या?" मावशींनी विचारलं.

"त्यांच्याच जातीच्या. फक्त त्यांच्यात बिघाड नाही."

"पानी येकच?"

"एकच. तुम्हीच काढलंत."

त्यांनी पुन्हा कोपर पातेल्यात घातलं आणि तसंच ठेवलं. "त्या दिवशी एवढाच व्हता," त्या म्हणाल्या. "मी नेमी एवढाच घालतंय. ह्याच्यावं कधी गेला नाय." हे त्या आईला सांगत नव्हत्या, कोणालाच सांगत नव्हत्या. आई मात्र पुढे झाली आणि त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली, गुडघे दुखत असूनही. "चुकलं माझं यशी," ती म्हणाली. "मला तेव्हा कोणाला तरी बोलायचं होतं आणि तू समोर होतीस."

यशीमावशींचं लक्ष डावीकडच्या नळीकडे होतं. मला उशिरा कळलं, की त्या कशाची वाट बघत होत्या. त्यांनी पडलेलं पाहिलं होतं, सात वर्षं तेच पाहत होत्या, उठलेलं त्यांच्या समोर कधी घडलं नव्हतं. एका माशीचा पाय हलला. तन्वीच आधी बोलली. "उठतायत. मी यांच्यातली ना, आत्या?" मी हो म्हटलं. खोटं बोलून काय करणार होते, तिला सगळं कळतं. "मी पण उठते," तन्वीनं मावशींना समजावून सांगितलं, "मग मला झोप येते, आणि मग भूक लागते." मावशींनी तिच्याकडे नीट पाहिलं, कदाचित त्या दिवसानंतर पहिल्यांदा इतक्या जवळून.

पण त्या काही भोळ्या नव्हत्या. जाताना दारात थांबून त्यांनी मला विचारलं. "माज्या नातीत कंच्या नळीतला हाय, ता आधी कसा कलायचा?" नाही कळत, मी म्हटलं. बहुतेक मुलं दुसऱ्या नळीतली असतात. तिच्यात काही असलंच, तर ते तुमच्या पाण्यानं घातलेलं नसेल, तिच्याबरोबर आलेलं असेल. आणि तसं झालं तर काय करायचं, ते आता आपल्याला माहीत आहे. त्यांनी मान हलवली. पटलं म्हणून की नुसतं ऐकलं म्हणून, ते कळलं नाही.

त्या दिवशी दुपारभर मी दादाच्या गॅलरीत बसून विचार करत होते. आमच्या क्षेत्रात आम्ही म्हणतो, की चिलटाच्या मदतीनं आजार समजून घ्यायचा. आजार म्हणजे जनुक, पेशी, उघाड्या, औषध. त्यात न्हाऊ घालणारी बाई कुठे बसते? कोण पडलं, एवढं आम्ही मोजतो. कोणी पडताना पाहिलं आणि मग घरी जाऊन हात पदराखाली झाकून बसलं, हे कोणत्या नळीत ठेवायचं? मला एवढंच दिसलं, की शेजारची नळी, जिच्यात काहीच घडत नाही, जी आम्ही फक्त तुलनेसाठी ठेवतो, तिच्याकडे यशीमावशींनी सर्वांत जास्त वेळ पाहिलं. आम्ही तिच्याकडे कधी धड बघतही नाही. आता मी बघते.

आणि माशीला पडण्याआधी काही कळतं का? तन्वी सांगते, की आधी तिला कोपऱ्यात कोणीतरी उभं असल्यासारखं वाटतं, ओळखीचं माणूस. माश्या कोसळण्याआधी क्षणभर वेगानं वर चढतात, ते काय असेल? हे मी तेव्हा मनात लिहून ठेवलं आणि अजून त्याच्यामागे आहे. तन्वी आता मोठी झाली आहे, तिला मधूनमधून फिट येतेच, वर्गात दोन मैत्रिणींना काय करायचं ते ठाऊक आहे. मे महिन्यात ती ओला रुमाल मानेवर टाकून सायकल चालवते आणि वहिनी गॅलरीतून बघत राहते.

त्या वर्षी माझ्या परतीच्या दिवशी सकाळी वाडीवरून निरोप आला, की या. कोणी, कशाला, काही नाही, नुसतं या. आई, वहिनी, मी आणि तन्वी, सगळ्याच गेलो. उन्हं नुकती वर आली होती. घराच्या मागे कुडाची न्हाणी, चुलीवर पाण्याचं भांडं, दारात यशीमावशींची लेक डोळे पुसत आणि हसत, दोन्ही एकदम. आत यशीमावशी पाटावर बसल्या होत्या, पाय लांब केलेले. पोटऱ्यांवर तेलानं चकाकणारी एवढीशी मुलगी पालथी, मुठी आवळून. शेजारी बादली.

त्यांनी बादलीत कोपर बुडवलं. काढलं. पुन्हा बुडवलं. तांब्याला मात्र हात लावत नव्हत्या. आई काहीतरी बोलायला गेली, मी तिचा हात धरला. मग मावशींनी मान वर करून आमच्या घोळक्यात बघितलं आणि तन्वीला हाक मारली.

"हिकडं ये गो बाय. तुजा कोपर घाल ह्यात. तुला सोसंल तेवढाच पानी हिला."

तन्वी वाकून न्हाणीत शिरली. फ्रॉकची बाही वर केली, कोपर बादलीत घातलं आणि डोळे मिटून थोडा विचार केला.

"अजून एक तांब्या गार," ती म्हणाली.